रोबोटला हात कोण लावणार, हे घरूनच ठरवून जा

२०१७ चा मार्च महिना. पुण्यातल्या बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल, रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेची राष्ट्रीय फेरी, आमची दुसरी मॅच. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते, टीममध्ये वायरिंग माझ्याकडे. पहिल्या मॅचमध्ये आमचा बॉट, म्हणजे रोबोट, जरासा डावीकडे ओढत होता. फार नाही, ड्रायव्हर सांभाळून घेत होता. पण पिटमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या दुरुस्तीच्या जागेत, परतलो आणि सहा जण एकदम त्याच्यावर वाकलो. एकाने चाकाचे ग्रब स्क्रू (चाक दांड्यावर पक्कं धरणारे छोटे स्क्रू) आवळले. दुसऱ्याने कोडमध्ये एका मोटरचा वेग वाढवला. मला एन्कोडरची (चाक किती आणि कुठल्या दिशेने फिरलं हे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर ढिली वाटली, म्हणून मी ती काढून परत बसवली. तिघांनी चांगल्याच मनाने केलं आणि तिघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही.

मैदानात बॉट सुरू झाला आणि जागच्या जागी गरगर फिरायला लागला. मॅच तीन मिनिटांची. त्यातलं दीड मिनिट आम्ही काय झालं हेच शोधत होतो.

कारण रात्री सापडलं. ओढ होती ती सैल ग्रब स्क्रूची. तो आवळला तिथेच काम झालं होतं. कोडमधली दुरुस्ती त्यावर नाहक चढली. आणि माझ्या हातून एन्कोडरच्या दोन सिग्नल वायरींची अदलाबदल झाली होती. त्यामुळे चाक पुढे जात असताना कंट्रोलरला ते मागे जातंय असं दिसत होतं, आणि तो आणखी जोर लावत होता. सहा महिन्यांचं काम घाईच्या वीस मिनिटांत गेलं.

आता मी चाकणला असेंब्ली लाइनच्या मशीनवर काम करते आणि महिन्यातले दोन रविवार सांगलीजवळच्या माझ्या जुन्या कॉलेजच्या टीमसोबत असते. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पोरांबरोबर दिल्लीला गेले. बॉट कसा बनवायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. स्पर्धेच्या तीन दिवसांत पंचवीस पोरांची टीम कशी चालवायची, हे मात्र ज्याला त्याला ठेच लागूनच कळतं. पहिल्यांदा जाणाऱ्या, विशेषतः छोट्या गावांतल्या कॉलेजांच्या कॅप्टनसाठी आणि सरांसाठी हे लिहिते आहे.

मैदानात तीन, मग बाकीचे कुठे?

रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची स्पर्धा, २००२ पासूनची. यजमान देश दरवर्षी विषय देतो, बहुतेकदा आपल्या मातीतला खेळ, सण किंवा परंपरा. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेतं. ती बरीच वर्षं बालेवाडीला व्हायची, अलीकडे दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये होते. विषय बदलतो, पण माणसांचा हिशोब साधारण तोच राहतो. मैदानात तीन विद्यार्थी, सोबत एक शिक्षक, आणि मदतीला मोजके पिट क्रू.

म्हणजे ज्यांनी वर्कशॉपमध्ये रात्री काढल्या, त्यातले पंधरा-वीस जण स्पर्धेच्या दिवशी गॅलरीत असणार. टीमचं मन मोडतं ते इथे, हरल्यावर नव्हे. एखाद्या मुलीने महिनोन् महिने ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा हात, घडवलेला असतो आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर तिला कळतं की आपण प्रेक्षक आहोत.

म्हणून तीन नावं निदान महिनाभर आधी जाहीर करा, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. जे निवडले गेले नाहीत त्यांच्याशी एकेकट्याने बसून बोला, कारण सांगा. "तुझा हात चांगला आहे, पण चूक झाली की तू दहा सेकंद थिजतेस," हे ऐकायला कडू लागतं, तरी ते खरं असेल तर माणूस पचवतो. कारणच दिलं नाही तर तो मनात आपापलं कारण तयार करतो आणि ते नेहमी वाईटच असतं.

निवड कशी करायची? सर्वांत हुशार तिघं, असं नाही. मी एक चाचणी घेते. आजच्या ट्रायलमध्ये मी कुठेतरी एक कनेक्टर काढून ठेवणार, हे सगळ्यांना आधी सांगते. कुठला आणि कुठल्या रनला, ते सांगत नाही. बॉट बंद पडल्यावर पोरगा कोणाकडे बघतो ते पाहायचं. जो आधी बॉटकडे बघतो तो मैदानात. जो आधी दोष देण्यासाठी माणूस शोधतो, तो कितीही चांगला प्रोग्रामर असला तरी नाही.

गॅलरीतल्यांना खरं काम द्या, समजूत काढण्यापुरतं नको. आमच्याकडे दोघं प्रत्येक मॅचचं चित्रीकरण एकाच जागेवरून करतात, म्हणजे दोन रन शेजारी ठेवून बघता येतात. चौघं समोरच्या टीमवर डोळा ठेवतात: त्यांचा बॉट कुठे अडतो, किती रिट्राय (अडल्यावर पुन्हा सुरुवात) घेतात, कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात करतात. एक जण फक्त मॅचच्या क्रमाकडे लक्ष ठेवतो आणि तीन मॅच उरल्या की पिटला फोन करतो. एका मुलीकडे पाणी, जेवण आणि औषधांची पिशवी. हे काम हलकं समजू नका. २०२२ च्या दिल्लीतल्या उकाड्यात आमचा ड्रायव्हर चक्कर येऊन खाली बसला, तेव्हा तिच्याकडचं मीठ-साखरेचं पाणीच कामी आलं. आणि गॅलरीतून जोरात घोषणा द्यायच्या हे तर आहेच. "गणपती बाप्पा मोरया" कानावर पडलं की मैदानातल्या तिघांचे खांदे सैल होतात, हे मी दरवेळी पाहिलं आहे.

२००८ ची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यात झाली, तिचा विषय होता गोविंदा. दहीहंडी फोडणारा एकच जण दिसतो, पण खालचा थर हलला तर काय होतं हे आपल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या बैठकीत मी एवढंच विचारते, तुझा थर कुठला?

केशरी रुमाल आणि बदलांची वही

बालेवाडीच्या त्या मॅचनंतर मी दोन गोष्टी धरल्या, त्या आजपर्यंत सोडल्या नाहीत.

पहिली: पिटमध्ये बॉटला एका वेळी दोनच माणसं हात लावणार. ते कोण, हे दिसलं पाहिजे. आम्ही केशरी रंगाचे दोन रुमाल आणले. ज्याच्या मनगटाला रुमाल, त्याचाच हात बॉटला. दुसऱ्याला काही करायचं असेल तर आधी रुमाल मागायचा. मागताना "कशाला हवाय?" हे विचारलं जातं, आणि अर्धे अनावश्यक बदल त्या प्रश्नालाच थांबतात. सरांनाही हाच नियम. मलाही. मी दिल्लीत एकदा सवयीने पान्हा उचलला तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलाने, "ताई, रुमाल," म्हणून मला थांबवलं. त्या दिवशी मला टीम तयार झाल्यासारखी वाटली.

दुसरी: दोनशे पानी लाँगबुक. रकाने पाच. वेळ, काय बदललं, कोणी, कशासाठी, आणि बदलल्यावर चालवून पाहिलं का. एका वेळी एकच बदल. चालवून बघायचं, मग पुढचा. पिटमध्ये वेळ नसतो हे खरं, म्हणूनच हे हवं. वेळ नसताना केलेला न नोंदवलेला बदल मैदानात शोधावा लागतो, आणि तिथे तर वेळ त्याहूनही कमी.

वही नीटनेटकं लिहिणाऱ्याकडे द्या, पण तो मुलगा किंवा मुलगी धीट हवी. अंतिम वर्षाच्या दादाला "आधी सांगा, मग करा" म्हणता आलं पाहिजे.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

निघायच्या पंधरा दिवस आधी बॉट गोठवायचा. त्यानंतर नवीन कल्पना बंद. फक्त मोडलेलं दुरुस्त करायचं. या तारखेवरून भांडणं होतात. दरवर्षी कोणालातरी नेमका त्याच आठवड्यात दुप्पट वेगाचा उपाय सुचतो. तो वहीच्या शेवटच्या पानावर "पुढच्या वर्षी" या मथळ्याखाली लिहून घ्या. तो मान दिला की माणूस ऐकतो.

या दिवसांत तुकड्या-तुकड्यांचा सराव नको. एक मिनिटाची सेटिंग (मॅचआधी बॉट मैदानात मांडून तयार करणं), तीन मिनिटांची मॅच, सगळं सलग. आम्ही रेफरी म्हणून वर्कशॉपच्या मामांना शिट्टी दिली. आपलीच पोरं रेफरी झाली की "जाऊ दे, परत घे" म्हणतात. मामा म्हणत नाहीत. मिनिट संपलं की शिट्टी, आणि रेषेबाहेर पाय गेला की रन बाद. दहा रनपैकी किती पूर्ण झाल्या, तो आकडा रोज फळ्यावर. सर्वांत वेगवान रन कुठली, ते लिहायचंच नाही. स्पर्धेत आपली सर्वांत चांगली रन बाहेर पडत नाही, नेहमीचीच पडते.

सेटिंगचं मिनिट तर नाच बसवल्यासारखं बसवा. तिघांची कार्डं करा. पहिल्याने बॉट रेषेवर ठेवायचा आणि चाकं सरळ बघायची, दुसऱ्याने हवेचा दाब आणि बॅटरी, तिसऱ्याने कंट्रोलर जोडून लाल इमर्जन्सी बटण तपासायचं. बघितलं की मोठ्याने बोलायचं: "दाब सहा!" "बॅटरी ठीक!" मनातल्या मनात तपासलेलं मोजायचं नाही. (हवेचा दाब सहा बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा बहुतेक वर्षांच्या नियमपुस्तिकेतला नियम आहे; तपासणीत ते पाहतात.) आणि पोरांना हेही आधी सांगून ठेवा की मिनिटात सेटिंग संपली नाही तरी मॅच सुरू झाल्यावर ती पूर्ण करता येते. हे माहीत नसल्याने शेवटच्या पाच सेकंदांत घाई होते आणि घाईत कनेक्टर तुटतात.

प्रवास

आम्ही मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीनला जातो. दोन रात्री आणि मधला एक दिवस. बॉट अखंड नेता येत नाही, म्हणून तो तीन भागांत सुटेल असाच बनवायचा आणि सोडून परत जोडायचा सराव कॉलेजमध्ये किमान दोनदा करायचा, घड्याळ लावून. प्लायच्या पेट्या, आत जुन्या गादीचा फोम. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आवळल्यानंतर मार्करने एक रेघ मारा, नटावरून थेट पट्टीवर जाणारी. प्रवासात नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात आम्ही रोज हेच करतो. पन्नास नट तपासायला पान्हा लागत नाही, डोळे पुरतात.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पेटीत घालू नका. अर्धवट चार्ज केलेल्या, टोकांना टेप लावलेल्या, आगरोधक पिशवीत, आणि ज्याच्या जबाबदारीवर दिल्या त्याच्याजवळ. फुगलेली बॅटरी सोबत नेण्याचा विचारही नको, कितीही महाग असली तरी. चार्जिंगला लावली की एक माणूस शेजारी बसलेला हवा. रात्री खोलीवर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

सुट्या भागांची यादी प्रत्येकाची वेगळी असते. आमच्या पेटीत केबल टाय, इन्सुलेशन टेप, ॲलन कीचे दोन संच (एक हरवतोच), मल्टिमीटर, त्याची जादा बॅटरी, आणि पायाने मारायचा हवेचा पंप.

पोचल्यावर आधी उजेड बघा

२०२४ चा विषय व्हिएतनामचा, सुगीचा. एक बॉट रोपं लावतो, दुसरा आपणहून तांदळाचे चेंडू उचलून कणगीत टाकतो. दुसऱ्या बॉटला कॅमेऱ्याने रंग ओळखावा लागायचा: आपला चेंडू, समोरच्याचा चेंडू आणि जांभळा पोचट चेंडू. आम्ही कॉलेजच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली सगळं बसवलं होतं. स्टेडियमच्या दिव्यांखाली जांभळा आम्हाला निळा दिसायला लागला.

सरावाला मिळणारा वेळ मोजका असतो. सगळ्या टीम तो पूर्ण रन मारण्यात घालवतात, कारण आपला बॉट त्या मैदानावर पळताना बघायची घाई असते. आम्ही आधीच ठरवलं होतं की पहिला वेळ सेन्सरचा. फोटो घेतले, कॅमेऱ्याने कुठला रंग कुठपर्यंत धरायचा त्या मर्यादा नव्याने ठरवल्या, मगच चालवून पाहिलं. रेषा ओळखणारे सेन्सर असतील तरी हेच करा. मैदानाच्या प्लायचे सांधेही हाताने चाचपून बघा. मिलिमीटरभर वर आलेली कड लहान चाकाला पुरते.

मैदानात रेफरीशी बोलणार फक्त कॅप्टन. नियमपुस्तिका आणि आयोजकांनी दिलेली प्रश्नोत्तरं छापून, खुणा लावून जवळ ठेवा. "सर, हे बरोबर नाही" यापेक्षा नियमाचा क्रमांक सांगितला तर ऐकलं जातं. नाहीच ऐकलं तर मान द्यायचा आणि पुढच्या मॅचला लागायचं. रिट्राय घ्यायचा निर्णयही कॅप्टनचा, ड्रायव्हरचा नाही. ड्रायव्हरला नेहमी वाटतं की आणखी एकदा ढकललं तर निघेल.

सुटला की सोडला

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते.

२०२२ चा विषय लगोरी. आपला, अंगणातला खेळ. आंतरराष्ट्रीय स्पर्धाही त्या वर्षी दिल्लीतच झाली. पोरं अर्थातच पेटलेली. पहिल्या मॅचमध्ये लगोरी फोडली, रचायला लागलो आणि उचलणारा हात मधेच मेला. एक सोल्डर जॉइंट, म्हणजे डाग देऊन केलेला वायरीचा जोड, सुटला होता. तो कोणी केला होता हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षाचा मुलगा, गावाकडचा, घरातला पहिलाच इंजिनिअरिंगला आलेला. पिटमध्ये एक दादा म्हणाला, "तुझ्यामुळे गेलं." मुलगा काही बोलला नाही. पेटीमागे जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून आमच्याकडे हरल्यावर पहिली वीस मिनिटं कारणांवर बोलायचं नाही. पाणी, चहा, काहीतरी पोटात. मग गोल बसायचं आणि वही उघडायची. बोलताना वस्तूबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. "जॉइंट सुटला" म्हणायचं, "त्याने नीट केला नाही" म्हणायचं नाही. आपल्या भाषेत ही सोय आहे: सुटला आणि सोडला, तुटला आणि तोडला. दोन अक्षरांच्या फरकाने दोष वस्तूवरून माणसावर जातो. एकाला दोषी धरलं की तिथे बसलेले सगळे चुका लपवायला लागतात, आणि लपवलेली चूक पुढच्या मॅचमध्ये बाहेर येते.

त्या मुलाला मी पेटीमागून बोलावलं आणि केशरी रुमाल दिला. जॉइंट त्यानेच परत करायचा. दादा म्हणाला, मी पटकन करतो. मी नाही म्हटलं. त्याच्या हातून काम काढून घेतलं असतं तर जॉइंट पक्का झाला असता आणि मुलगा टीममधून सुटला असता. त्याने वायर आधी केबल टायने बांधली, म्हणजे ओढ जॉइंटवर येणार नाही, मग सोल्डर केलं. दुसरी मॅचही आम्ही हरलो, पण हात शेवटपर्यंत चालला. २०२४ ला तोच मुलगा आमचा कॅप्टन होता.

खोटं कौतुक करू नका. वाईट खेळल्यावर "छान खेळलात" म्हणालात तर पोरं तुमचं पुढचं काहीच खरं धरणार नाहीत. पण खरं आणि नेमकं असं काहीतरी प्रत्येक मॅचमध्ये सापडतं. "सरावात रिट्रायला सात सेकंद लागायचे, आज चार लागले." एवढं पुरतं. लांब भाषणाने मॅचआधी घसा कोरडा पडतो, बाकी काही होत नाही.

रात्री अकराला झोप. जागायचंच असेल तर फक्त दोघांनी, आणि मैदानातले तीन त्यात नकोत.

आणखी एक, सरांसाठी. मुलींच्या वसतिगृहाचं दार लवकर बंद होतं, वर्कशॉप मात्र रात्री जागतं. मग मुलींकडे रिपोर्ट आणि पोस्टर येतात. माझ्या वेळी हेच होतं आणि मला ते आजही लागतं. काम दुपारी चार ते आठ ठेवा, बॉट जुळवण्याचं काम त्याच वेळात करा. रात्री जे होतं त्यातलं निम्मं काम म्हणजे नुसतं जागरण असतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

परत आल्यावर

परत आल्यावर सबमिशन असतं, हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागलेली असते, आणि पेट्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून राहतात. तसं होऊ देऊ नका. पहिल्याच शनिवारी सगळ्यांनी मिळून पेट्या उघडा, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही बोलवा. हवेच्या टाक्या रिकाम्या करा. बॅटऱ्या प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली लिपो पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. मग वहीचं शेवटचं पान, "पुढच्या वर्षी" लिहिलेलं, मोठ्याने वाचा. वाचणारा पुढच्या वर्षी टीममध्ये असणाऱ्यांपैकीच हवा. केशरी रुमाल धुऊन वहीत ठेवा, आणि वही मामांच्या कपाटात, कुलूपबंद.